धोंडाबाईचा रुपया

हैबती मेंढीचा खूर कापत बसला होता, तेव्हा वेल्ह्याकडच्या वाडीवरून सोनबा आला. खतासाठी कामथडीच्या रानात मेंढरं बसवली होती. सोनबा बांधावरच थांबला, खाली उतरला नाही.

"धोंडाबाई गेली," तो म्हणाला. "तापानं. काल माती झाली."

हैबतीनं त्या मेंढीचे राहिलेले खूर कापले, मग तिला सोडलं आणि वाडीची वाट धरली.

घरी थोरल्या भावजयीनं, बनाबाईनं, त्याच्या हातावर फडक्यात बांधलेला रुपया ठेवला. हैबतीच्या बायकोच्या, धोंडाबाईच्या, गळ्यात लग्नापासून काळ्या दोऱ्यात असायचा तो. मोगलाईतला, तिच्या आजीकडून आलेला. मेलेल्या माणसाची मूर्ती चांदीच्या पत्र्यावर ठोकायची आणि तो टाक देव्हाऱ्यात बसवायचा, ही घरची रीत.

"हाच आटवा, भावजी. दसऱ्याच्या आत टाक बसला पायजे. तवर ती उंबऱ्याभाईरच उभी."

भोरला रखमाजी सोनाराच्या दुकानात रावसाहेब बसले होते. संस्थानच्या नोकरीतून निवृत्त झालेला, जुन्या नाण्यांचा नादी माणूस. रुपया पाहताच त्यांनी चष्मा पुसला.

"आटवायचा? वेडा आहेस का!"

ते हैबतीला घरी घेऊन गेले. काचेच्या कपाटात तांबड्या मखमलीवर रुपये मांडले होते. प्रत्येकाखाली बादशहाच्या नावाची चिठ्ठी.

"हा औरंगजेबाचा, सुरतेच्या टांकसाळीतला. माझ्याकडे नाही. दुप्पट चांदी देतो, टाक थोरला होईल."

"त्या चांदीत ती कुठनं यायची?"

"अरे, चांदी ती चांदी."

हैबतीनं रुपया उलटा केला. पहिल्या बाजूला बादशहाची फारशी अक्षरं ठसठशीत होती. ही मागची बाजू धोंडाबाईच्या छातीवर घासून पार गुळगुळीत झाली होती.

"ती झिजलीय. ती खाली ठेवू, म्हणजे दिसायची नाही," रावसाहेब म्हणाले.

हैबतीनं मूठ मिटली. "हीच वर ठेवा. चिठ्ठीवर धोंडाबाई लिवा. मग फुकट घ्या."

"कोरी बाजू कोण बघणार रे?"

"म्या बघीन."

रावसाहेब हसले. हैबती उठला.

दुकानात रखमाजीनं मूस तापवून ठेवली होती. रुपयाची कडी काढायला त्यानं कानस लावली, तसा हैबतीनं त्याचा हात धरला.

"आटला की दोनी बाजू जात्याल न्हवं?"

"जाणारच. त्याबिगर टाक कसा व्हायचा?"

"मग ऱ्हाऊ द्या."

वाडीत शिरला तेव्हा रुपया त्याच्या गळ्यात होता. पारावरची माणसं एकमेकांना कोपरानं ढोसू लागली.

"बायकूचा दागिना घालून हिंडताय? लाज न्हाई वाटत, भावजी?" बनाबाई दारातच कडाडली. "आन् टाक कुठाय?"

"तिनं तिची बाजू घासली, वैनी. आता माजी."

बादशहाची अक्षरं त्यानं छातीकडं वळवली होती.

दसरा झाला. दिवाळीही झाली. धोंडाबाईचा टाक अजून व्हायचा आहे.