सशाचा थेंब

केशोरी गावातल्या राइस मिलच्या अंगणात एरवी धान वाळतं. त्या सकाळी माणसं वाळत बसली होती. समोर टेबल, त्यावर पांढरी चादर आणि मागे दुर्गाप्रसाद महाराज. अंगात भगवा कुर्ता, वरून डॉक्टरचा कोट. देव आणि दवाखाना एकाच अंगावर, म्हणजे भक्त असो की रोगी, गिऱ्हाईक सुटायला नको.

"ये बारकी कुपी दिसते का?" महाराजांनी बोटाच्या पेराएवढी कुपी उंच धरली. "विदेशी ससा. छे महिने त्याले मंत्र ऐकवला, मग त्याच्या रक्तातून हा रस काढला. अंगात पेशी पेशीला निरोप देते. निरोप बिघडला का ससा धरते. मशीन झूठ बोलेल, ससा नाही बोलणार."

मग बोटाला सुई, रक्ताचा थेंब कागदाच्या पट्टीवर, त्यावर सशाचा थेंब, आणि शेवटी कुर्त्याच्या उजव्या खिशातल्या बाटलीतलं 'साक्षीजल'. पट्टी निळीशार होई. महाराज डोळे मिटून म्हणत, "दोष हाये." लोक हात जोडत. आपल्याला रोग आहे हे ऐकून इतकी खूश झालेली माणसं मी दुसरीकडे पाहिलेली नाहीत.

मी मिलच्या भिंतीवर विटेच्या तुकड्यानं रेघा मारत होतो.

"भोजराजभाऊ, काय करून राहिले गा?" शेजारच्या बकारामनं विचारलं.

"हजेरी घेऊन राहिलो. नवे एकोणचाळीस तपासले, एकोणचाळीसही दोषी."

"मंग? पावर हाये महाराजात."

"एक तरी निरोगी निघाला पाहिजे ना. तू तर सकाळी दोन पोते उचलले."

बकारामनं छातीवरून हात फिरवला. "तवाच मले वाटलं, काहीतरी गडबड हाये."

दोषी माणसाला सात दिवसांचा काढा. आठव्या दिवशी पुन्हा पट्टी, आणि ती निळी न होता रक्ताची लालच राहिली की माणूस शुद्ध. शुद्ध झाल्यावर दवाखान्याच्या गोळ्या महाराजांच्या टेबलावर ठेवून जायच्या. गोळी घेतली तर ससा रुसतो म्हणे.

त्या दिवशी गावातल्या अल्काची मुलगी रीना आठवड्यानं परत आली होती. चौदा वर्षांची पोर, सिकलसेल या रक्ताच्या आजाराची. रोजची गोळी चुकली की तिचे हातपाय असे दुखतात की गोंदियाला भरती करावं लागतं. महाराजांनी तिच्या पट्टीवर साक्षीजल टाकलं. पट्टी लालच राहिली.

"शुद्ध. आजपासून गोळी बंद."

अल्काच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. मी भिंतीवरच्या खालच्या, परत आलेल्यांच्या ओळीत रेघ मारली : शुद्ध, आठ. आठही वेळा बाटली डाव्या खिशातून आली होती.

बकारामची पुतणी चेतना गोंदियाच्या एका दवाखान्यात रक्त तपासते. ती सुट्टीत आली होती. तिला मी दोन्ही ओळी दाखवल्या, दोन्ही खिसे सांगितले. ती सरळ टेबलापाशी गेली आणि कुपी उचलली.

"महाराज, यावर इंग्रजीत काय लिहिलं हाये?"

"बीजमंत्र."

"फक्त संशोधनासाठी, रोगनिदानासाठी नाही, असं लिहिलं हाये. अन् बर्फापेक्षाही थंड ठेवा म्हणते. तुम्ही मे महिन्यात खिशात घेऊन फिरून राहिले."

"मंत्रानं थंड राहते."

चेतना बकारामकाकाकडे वळली. "काका, धान मोजायच्या आधी तुम्ही काय पाहता?"

"रिकामा काटा. शून्य दाखवते का नाई."

"मग हाही काटा रिकामा लावून पाहू. माणसाचं रक्त नको, ससाही नको."

रांगेतला देवानंद कोंबड्या विकतो. तो दुकानातून वाटीभर कोंबडीचं रक्त घेऊन आला. चेतनानं ते पट्टीवर टाकलं, सशाचा थेंब टाकलाच नाही, आणि साक्षीजल मागितलं. महाराजांनी बाटली पुढे केली.

"महाराज, हा डावा खिसा झाला," मी म्हणालो.

"सशाबिगर जल कोपते," महाराज पुटपुटले. तेवढ्यात देवानंदनं स्वतःच महाराजांच्या उजव्या खिशात हात घालून बाटली काढली. एक थेंब. पट्टी निळीशार.

"घ्या," देवानंद म्हणाला, "माह्या कोंबडीतबी दोष. सकाळी कापली, तरी जाऊन नाही राहिला."

दुसऱ्या पट्टीवर तेच रक्त, डाव्या खिशातलं पाणी. लालच.

"अन् लगेच शुद्ध. काढाबी नाही पाजला."

अंगण हसलं. महाराज कोट सावरत म्हणाले, की सिद्धी शाकाहारी आहे, कोंबडीनं विटाळली.

चेतनानं मग समजावलं. माणसाच्या पेशींत निरोप पोचवणारं एक प्रथिन असतं. ते शोधायला संशोधक सशाच्या रक्तातून त्याला नेमकं चिकटणारं प्रतिपिंड काढून वापरतात; कुपीत तेच होतं. ते रोग बरा करत नाही, आणि या पट्टीवर तर त्याचं काही कामच नव्हतं. उजव्या बाटलीतलं रसायन रक्तातल्या लाल द्रव्याला लागलं की निळं होतं, मग रक्त कुणाचंही असो. डाव्या बाटलीत साधं पाणी.

"म्हणजे माह्या पोरीचं..." अल्का थांबली.

"अल्काताई, रीनाचं काहीच बदललं नाही. ती गोळीनं ठीक राहत होती."

अल्कानं टेबलावरचं पाकीट उचललं आणि तिथंच रीनाला म्हणाली, "तोंड उघड." मागून बाकीचे आपापली पाकिटं शोधायला लागले. त्या गर्दीत महाराज कधी सटकले, कुणी पाहिलं नाही. बकाराम मात्र जरा हिरमुसला होता. "म्हणजे मले काईच नाई झालं?"

निळा रंग खरा होता, हे मान्य करू. त्याचा लावलेला अर्थ खोटा होता. धानाच्या पोत्याला आपण काटा तपासून घेतो आणि पोरीच्या रक्ताला घेत नाही, याची मला लाज वाटते. तेव्हा चमत्कार दाखवणाऱ्याला विचारा, की तुझा जादूचा थेंब न टाकता तुझी पट्टी काय दाखवते. तो रागावला तर उत्तर मिळालं असं समजा. आणि चालू असलेली गोळी, ज्या डॉक्टरनं लिहून दिली त्याला विचारल्याशिवाय, कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका.