श्वासाचे गुण

परिचारिकांच्या महाविद्यालयात ती छातीचे आजार शिकवायची. मुली तिला पाठीमागे फुफ्फुसबाई म्हणत, आणि हे तिला ठाऊक होतं. खरखर आणि घरघर यांतला फरक फळ्यावर कितीही समजावला तरी डोक्यात शिरत नाही, तो कानातच शिरावा लागतो, हे तिला सुरुवातीलाच कळून चुकलं होतं. म्हणून सुट्ट्यांमध्ये खटपट करून, पुस्तकं वाचून, चुकतमाकत तिने संगणकावर एक साधन बनवलं. त्यात खऱ्या रुग्णांचे, त्यांना विचारून टिपलेले श्वास होते. मुलीने हेडफोन लावायचा, श्वास ऐकायचा आणि खरखर जिथे ऐकू येईल तिथे बटण दाबायचं. चुकलं तर पडद्यावर एवढंच यायचं, ‘पुन्हा ऐका.’ गुण नाहीत, नाव नाही, कोण किती चुकलं याची कुठे नोंद नाही. मुली मनसोक्त चुकायच्या आणि हळूहळू त्यांचा कान तयार व्हायचा.

त्यातला एक श्वास तिच्या बाबांचा होता. ओतकामाच्या कारखान्यात त्यांची छाती पार खिळखिळी झाली होती. टिपताना ते म्हणाले होते, “थांब जरा, ऐटीत खोकतो. मुली शिकणार आहेत.” पुढे ते गेले. साधनातला तो सगळ्यात अवघड श्वास होता. खरखर अगदी शेवटी, पुसट यायची. शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय ती सापडत नसे.

मग विद्यापीठाने नवी अभ्यासक्रम प्रणाली आणली. धडे, हजेरी, परीक्षा, निकाल, सगळं एकाच दारातून. शिक्षकांनी स्वतः बनवलेली साधनंही त्याच दारातून यायला हवीत, नाहीतर बंद. ती जोडण्याचं काम महाविद्यालयाच्याच संगणक विभागात तिच्या धाकट्या भावाकडे आलं. तिला हायसं वाटलं. निदान घरचा माणूस आहे, म्हणाली.

तो तिच्याकडे आला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसला.

“मुलगी प्रणालीतून थेट तुझ्या साधनात येईल. वेगळा पासवर्ड नको, काही नको.”

“छान.”

“आणि जाताना गुण घेऊन जाईल.”

“कसले गुण? मी गुण देतच नाही.”

“द्यावे लागतील, ताई. प्रणालीला आकडा लागतो. आकडा आला नाही, तर तिच्या लेखी मुलीने काही केलंच नाही.”

“ऐकलं, असं कळव.”

“ऐकलं म्हणजे किती?”

शेवटी ती म्हणाली, “जी उघडेल तिला पैकीच्या पैकी. झालं?” त्याने डोकं खाजवलं, हसला आणि तसं करून दिलं.

पहिले आकडे आले तशी प्राचार्यांनी भावालाच बोलावून घेतलं. “सगळ्याच मुली पहिल्या? गुणांची खिरापत वाटताय का?” त्याच सुमारास त्याच्या नोकरीत कायम होण्याची फाइल त्यांच्या टेबलावर होती. त्याने परत येऊन जोडणी बदलली. पहिल्या फटक्यात बरोबर आलं तर गुण, चुकलं तर कापायचे. ताईला सांगू, सांगू म्हणत राहिला आणि सांगितलं नाही.

तिला कळलं ते वॉर्डात. छातीत पाणी झालेले एक आजोबा बसले होते. वर्गातल्या सगळ्यात कष्टाळू मुलीने त्यांच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला आणि म्हणाली, “स्वच्छ आहे.”

“पुन्हा ऐक.”

मुलीने पुन्हा लावला. “स्वच्छच आहे, मॅडम. मला तर पैकीच्या पैकी आहेत.”

आजोबांनी एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिलं. तिने मुलीला बाजूला घेऊन विचारलं तेव्हा मुलगी कसनुशी झाली. उत्तरं फोनवर फिरत होती. कुठल्या श्वासात कुठे बटण दाबायचं, ते मुलींनी पाठ केलं होतं. “चुकलं की कापतात ना, मॅडम. मग ऐकत कोण बसणार?”

ती तशीच पायऱ्या उतरून भावाच्या कचेरीत गेली.

“तू मला विचारलं नाहीस.”

“विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.”

“म्हणूनच विचारायचं असतं.”

ती म्हणाली, “तोडून टाक ती जोडणी.”

“आता नाही तोडता येत. गुण निकालात गेलेत.”

“मग निदान बाबांचा श्वास काढ त्यातून.”

त्याने खुर्ची मागेपुढे केली. “तो काढला तर ज्यांना त्याचे गुण मिळालेत त्यांचे गुण हलतील. वरून परवानगी नाही, ताई.”

“ते तुझेही बाबा होते.”

“माहीत आहे मला,” तो पडद्याकडे बघत म्हणाला.

पुढच्या सत्रात वॉर्डातले तास निम्मे झाले. मुलींना एवढे गुण पडतायत तर रुग्णांना कशाला त्रास, असं ठरलं. ती भांडायला गेली तेव्हा प्राचार्यांनी तिला वर चढत गेलेला गुणांचा आलेख दाखवला. “तुमचंच तर यश आहे, मॅडम,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात कौतुक होतं, आणि तेच तिला सोसवेना. तिने तो विषय सोडला. आता ती पहिल्या वर्षाला जखमा धुणं आणि पट्ट्या बांधणं शिकवते. साधन चालूच आहे. पडद्यावर विद्यापीठाचं बोधचिन्ह आहे, आणि ‘पुन्हा ऐका’ ही ओळ काढून तिथे उरलेले गुण दिसतात.

भाऊ कायम झाला. वर्षातल्या उत्तम जोडणीसाठी त्याचा सत्कारही झाला. ती गेली नाही, आई गेली. परतल्यावर आईने चपला काढल्या आणि तिथेच दाराशी बसली.

“तुझ्या बाबांचा श्वास लावला गं सभागृहात. नमुना म्हणून. एवढ्या मोठ्याने.”

“आणि?”

“थोडासाच. मध्येच बंद केला. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, एकटी कशी बसून राहणार?”

ती आईच्या शेजारी जमिनीवर बसली. आईचे तळहात लाल झाले होते.

भाऊ अजून रविवारी येतो. ती त्याला चहा देते. आईच्या गोळ्या, पाण्याची मोटर, घरपट्टी यांवर दोघं बोलतात आणि कप रिकामा झाला की तो उठतो.