जिन्याखालचे सहा व्हॉल्व्ह

आमच्या जिन्याखाली सहा व्हॉल्व्ह आहेत. घर जुनं, आधीच्या मालकाने मनाला येईल तसे पाइप वाढवलेले. कुठला व्हॉल्व्ह कशाचा, ते तो सांगून गेला नाही आणि चाळीस वर्षांत मीही शोधलं नाही. खालच्या न्हाणीघरातला नळ गळू लागला तेव्हा प्लंबर आला, जिन्याखाली वाकला आणि म्हणाला, "काका, हे जंजाळ आधी सोडवून ठेवा. नाहीतर इथला नळ काढायचो आणि कारंजं उडायचं. शुक्रवारी येतो."

मला काम आवडलं. माझी नोकरी ग्रंथालयात, जन्म याद्या करण्यात गेला. शिवाय आणखी एक कारण होतं, ते कुणाला बोललो नव्हतो. लेकीने डॉक्टरांकडे माझी शनिवारची वेळ घेतली होती. मी फोनवर एकच गोष्ट तीनदा विचारली, असं तिचं म्हणणं. "बाबा, नुसतं दाखवून येऊ." मी अजून हो म्हटलं नव्हतं. सहा व्हॉल्व्हची बिनचूक यादी तिच्यापुढे ठेवली की डोकं जागेवर आहे हे तिला पटेल, असं मी धरून चाललो होतो.

पद्धत साधी. एक व्हॉल्व्ह बंद करायचा आणि वही घेऊन घरातले सातही नळ बघत फिरायचं. माझ्या गुडघ्यांमुळे एका फेरीला वीसेक मिनिटं लागत. सोमवारी तीन नंबर बंद केला: स्वयंपाकघर कोरडं, वरच्या न्हाणीघरात पाणी. मंगळवारी खात्रीसाठी तोच बंद करून वरून सुरुवात केली: वर कोरडं, स्वयंपाकघरात पाणी. बुधवारी जाईन तिथे पाणी. आणि दर वेळी खाली येऊन मूठ फिरवावी, तर व्हॉल्व्ह उघडाच. मी बंद केला होता ना? केला असावा. की आधीच उघडून ठेवला? घरात आम्ही दोघंच, आणि बायको पाइपांच्या वाटेला कधी जात नाही. खोडून खोडून वहीचं पान फाटलं.

गुरुवारी गुडघा फारच दुखत होता. तीन नंबर बंद करून मी जिन्यात मध्येच टेकलो. तेवढ्यात बायको आली, वाकली आणि मूठ फिरवू लागली.

"काय करतेस?"

ती दचकली. "तुम्ही बंद करून विसरता, ते उघडते."

"विसरत नाही. मुद्दाम बंद करतो."

"भांडी घासताना माझं पाणी तोडता, ते मुद्दाम?"

"यादी करतोय. प्लंबरने सांगितलंय."

"मग तोंडाने सांगायला काय झालं होतं? वही घेऊन चोरासारखे फिरता. मला वाटलं…"

मला इतकं हलकं वाटलं की मी हसलो. "अगं, मग तू का नाही बोललीस?"

"रोज काय बोलायचं? गॅस बंद करते तेव्हा बोलते का? मागच्या दाराला कडी घालते तेव्हा?"

"कुठला गॅस?"

ती कोरडेच हात पुसत राहिली. "असू दे. सवय झालीय मला."

"कधीपासून?"

"मोजलं नाही हो."

मग ती नळांपाशी आणि मी जिन्याखाली, असं आम्ही कामाला लागलो. ती वरून "गेलं" म्हणे, मी लिहून घेई. तासाभरात सहाही लागले. तीन नंबरवर स्वयंपाकघर आणि वरचं न्हाणीघर, दोन्ही होती. यादी बिनचूक झाली. आता ती कुणाला आणि कशासाठी दाखवायची, तेच उमगेना.

संध्याकाळी लेकीला मीच फोन केला. शनिवारी येतो म्हणालो.

"एकदम कसे तयार झालात, बाबा?"

बायको शेजारीच होती. तिने माझ्या हातातून फोन घेतला. "अगं, त्यांचं पाण्याचं काम चाललं होतं," ती म्हणाली. "आज संपलं. आता मोकळे आहेत ते."