माझा मुका सूर

मित्रांनो, प्रार्थनामंदिराच्या भिंतीला टेकून उभी असलेली जुनी पायपेटी म्हणजे मी. पायांनी भाता हलवायचा, हातांनी पट्ट्या दाबायच्या, की मी गाते. एवढं मला समजतं. बाकीचं पुष्कळसं अजून उमगलेलं नाही.

मला शिंपीणबाई वाजवायची. शिवणयंत्र चालवून तिचे पाय इतके सरावले होते, की माझा भाता कधी धापा टाकत नसे. तिचा नवरा गवंडी. गळा जाडाभरडा, पण उत्साह दांडगा. एका गीतात 'सोबत' हा शब्द येतो. त्यावर तो असा रेंगाळायचा, की पाळक, म्हणजे आमचे ख्रिस्ती धर्मगुरू, हसून म्हणायचे, "थांबा रे, गवंडीभाऊंची भिंत अजून बांधून व्हायचीय!"

एक दिवस गवंडी परांचीवरून पडला आणि गेला.

शिंपीणबाई यायची बंद झाली. माझ्यावर चादर पडली. उंदरांनी भाता कुरतडला. मधली एक पट्टी मुकी झाली. मी कुणाचं काय वाईट केलं होतं? आणि तिनं तरी?

तिची मोठी जाऊ माझ्यापाशी उभी राहून पाळकांना म्हणाली, "बोलवायला गेले, तर म्हणते कशी, देवाला सांगा, मी घरी नाही!"

"रुसली आहे ना? म्हणजे नातं तुटलेलं नाही," पाळक म्हणाले.

मी गोंधळले. रुसवा हेही नातंच का?

पाळकांनी तिला निरोप धाडला: भाता फाटलाय, ठिगळ लावून दे.

ती आली. "शिवून देते. गाणार नाही," असं आधीच बजावलं. ठिगळ बसवलं आणि हवा गळते का ते पाहायला भात्याच्या फळ्यांवर पाय ठेवले. पायांनी जुनी लय धरली आणि तिचा बांध फुटला. तिनं पट्ट्यांवर डोकं टेकलं. माझ्यातून भलताच कल्लोळ निघाला.

"रड पोरी," पाळक म्हणाले. "येशूसुद्धा मित्राच्या कबरीपाशी रडला होता."

"मग माझ्या माणसाला का नाही वाचवलं त्यानं?"

पाळक तिच्याशेजारी येऊन बसले. "मला ठाऊक नाही. पण तू रडत असताना तो दाराबाहेर थांबणारा नाही, एवढं मात्र खरं."

रविवारी ती आली. तेच गीत निघालं. 'सोबत' आला आणि तिचं बोट नेमकं मुक्या पट्टीवर पडलं. सूर नाही. तिचे पाय थांबले. गाणंही थांबलं.

तेवढ्यात मागच्या बाकावरून सूर उठला, जाडाभरडा, लांबलचक, "सोऽऽबत!" माझी पट्टी बोलली की काय, असंच मला वाटलं. पाहते तर जाऊ! सुराशी तिचं उभं वैर.

"जाऊबाई, त्यांच्यापेक्षाही बेसूर हो!" शिंपीणबाई रडता रडता हसली.

"मग वाजव ना नीट! आम्ही थांबलोय."

सगळ्यांनी तो शब्द उचलला. पाय पुन्हा हलू लागले. शेवटी माझ्यावर वाकून ती पुटपुटली, ते मला एकटीलाच ऐकू आलं, "प्रभू, मी घरी आहे."

माझी ती पट्टी अजूनही मुकीच आहे. मग तो सूर नक्की कुणाचा होता? जाऊचा, गवंड्याचा की प्रभूचा? माझ्या लाकडी डोक्यात शिरत नाही.

पण मित्रांनो, एवढं माझं ऐका. कुणी मध्येच गप्प झालं, तर त्याला टाकून पुढे जाऊ नका. थोडं थांबा आणि त्याचा सूर तुम्ही म्हणा. बेसूर झाला तरी चालेल.