पेरांवरचे शब्द

"टेक एम. टेक कव्हर. टेक रेस्ट."

गावातल्या पेन्शनवाल्या शिपायानं शिकवलेले शब्द बा खळ्यावर उभा राहून घोकायचा आणि सात वर्षांची नंदा समोर बसून ऐकायची. घोकताना त्याचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकायचा. एक बोल, एक पेर. मग तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचा, "लढाईवर जायचंय मला. आयला सांगू नगं हां, पोरी." भातकापणी उरकली, बा बोटीनं बसऱ्याच्या लढाईवर गेला तो गेलाच. आई जात्यावर एकच ओवी घोळवत राहिली:

पीठ पडं भुरूभुरू, वाट पांढरी झाली गं
समिंदराच्या पल्याड, हाक कुनी ऐकली गं

त्याला पंचवीस वर्षं झाली. नंदाबाईचा संसार आता लोणावळ्यात, एका साहेबाच्या बंगल्यामागच्या खोलीत. नवरा रखमाजी तिथंच माळी. एका सकाळी ती कुंपणावर धुणं वाळत घालत होती, तोच गुलाबाच्या वाफ्यातून आवाज आला.

"टेक टी. टेक युअर सीट. टेक इट अवे."

लुगडं हातातच राहिलं. खुरपं बाजूला टाकून रखमाजी पेरांवरून अंगठा सरकवत होता.

दुसरी लढाई पेटलेली. स्टेशनाबाहेर भरतीवाले तंबू ठोकून बसलेले, येईल त्याची उंची-छाती मोजत. नंदाबाई नवऱ्यावर डोळा ठेवून राहिली. दुसऱ्या दिवशी त्यानं मिशा कातरून घेतल्या. तिसऱ्या दिवशी बंडीच्या खिशात सुतळी सापडली, मध्ये गाठ मारलेली. तिनं ती बंडीभोवती फिरवून पाहिली. गाठ नेमकी छातीच्या मापावर आली.

त्या दिवशी कालवणात मीठ पडलंच नाही. रखमाजीनं ते अळणी कालवण मुकाट खाल्लं. एरवी वाडगं आपटणारा माणूस! मग तर तिची खात्रीच पटली.

चौथ्या दिवशी भाकरी वाढता वाढता ती म्हणाली, "टेक एम. टेक कव्हर."

रखमाजीचा घास थांबला. "हे कुनी शिकवलं तुला?"

"तुमाला कुनी शिकवलं ते आदी बोला. कवाची गाडी हाय?" तिनं सुतळी ताटाशेजारी टाकली. "छाती मोजून आलासा न्हवं?"

त्यानं सुतळीकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, आणि ठसका लागेस्तोवर हसला. "आगं येडे, गुलजारचाचानं मोजली ती! कोटासाटी!"

गुलजारचाचा म्हणजे बंगल्यावरचा म्हातारा बटलर.

"त्याला दिसंना झालंय. मडमबाई म्हनल्या, टेबलावर तू वाढशील का? आयतवारी परीक्षा घेनार हाईत. चाचा म्हनतो, एक टेक पाठ कर, निम्मी चाकरी जमली. च्या घ्या तरी टेक, बसा तरी टेक, ताट उचलू का तरी टेक. लय कामाचा शबुद!"

"मग लपीवलंत कशापायी?"

"माळ्याचा बटलर! न्हाई जमलं तर पयली तूच हसली असतीस."

नंदाबाई हसली नाही. उंबऱ्यावर मटकन बसली आणि पदर डोळ्यांना लावला.

"आता रडाया काय झालं? मी कुटं बी जात न्हाई."

"तुमच्यापायी न्हाई." तिचा अंगठा स्वतःच्या बोटांच्या पेरांवरून सरकला. "आय मरस्तवर पुसत व्हती, जाताना त्यानं मला सांगितलं का न्हाई म्हनून. बा जानार हे मला ठावं व्हतं. मी समोर बसून ऐकत व्हते. मी तिला सांगितलंच न्हाई."