चार ओळी, अकरा मिनिटं

स्टेपलरची पिन तिरकी बसली होती. तिचं एक टोक कागदाबाहेर उभं, आणि परीक्षा विभागाच्या खिडकीतल्या अरुंधती मॅडमचं बोट नेमकं तिथूनच फिरत होतं – टोचणार आता, टोचणार... अंकिताने ती डाव्या हाताने मारली होती. उजव्याला स्टेपलर जमत नाही. उजव्याला पेन जमतं, तेही त्याची लहर असेल तेव्हा. जन्मापासून तो असाच, बोटं मिटून बसणारा, हट्टी. पण पदवीच्या शेवटच्या परीक्षेला लेखनिक आणि जादा वेळ मिळावा म्हणून केलेला हा दीड पानाचा अर्ज तिने त्याच हाताने लिहिला होता, तीन संध्याकाळी खपून. वर्गातली मैत्रीण निशा म्हणाली होती, मी टाइप करून देते. छे! आपला अर्ज आणि दुसऱ्याने टाइप करायचा?

"छान लिहिलंयस गं," मॅडम म्हणाल्या. अंकिताची मान इंचभर वर गेली. "तूच लिहिलंस ना?"

"हो, मीच."

"मग लेखनिक कशाला हवा तुला?"

अगं बाई, हे काय करून बसलो आपण! एकेक अक्षर घोटून काढलं, आणि आता तीच अक्षरं उलटी साक्ष देताहेत. दिव्यांगत्वाचा दाखला जोडला होता, पण मॅडमची नजर अर्जावरच.

"दाखला आहे गं. पण कमिटी हे अक्षर बघून विचारणारच. मी काय सांगू त्यांना?"

बाईंचा आवाज खवचट नव्हता, हाच तर वैताग.

पर्समध्ये चिठ्ठी होती. गावातल्या पुढाऱ्याची, बाबांनी सकाळीच आणलेली. बाबा बाहेर गाडीत बसले होते. कामोठे गावात बाबांचं, म्हणजे भगवानशेठचं, एकही काम ओळखीशिवाय होत नाही – म्हणजे होत असलं तरी ते होऊ देत नाहीत. बारावीलाही चिठ्ठी गेली, लेखनिक मिळाला, एक्क्याऐंशी टक्के पडले... आणि पेढे खाताना हौसाआत्या बाबांना म्हणाली, "भगवान, केलास बाबा पोरीचा काम!" वर्षभर पहाटे उठून पाठ केलेला सगळा इतिहास त्या एका वाक्यात बाबांचा झाला. अंकिता तेव्हा हसली होती. अजून स्वतःचा राग येतो त्या हसण्याबद्दल.

चेन उघडायची, चिठ्ठी सरकवायची. दोन सेकंदांचं काम...

"मॅडम, घड्याळ बघा," ती म्हणाली. "मी इथेच लिहून दाखवते."

मॅडमनी कोरा कागद दिला. डाव्या हाताने उजव्याचं एकेक बोट उघडून तिने त्यात पेन बसवलं – घरी दार लावून करायची ही गोष्ट, आज दहा-बारा जणांच्या रांगेसमोर. एक अक्षर. थांबणं. दुसरं. मागून कोणी तरी "अरे यार, किती वेळ" म्हणालं. कान तापले. अक्षरं फरफटवत घाई करता आली असती... नाही, घाई करायची नाही, अंकिता. बघू देत सगळ्यांना. मी काय चोरी केलीय? चौथ्या ओळीला बोटं आखडली आणि पेन घरंगळलं.

"अकरा मिनिटं," मॅडम हळूच म्हणाल्या. त्या चार ओळींखाली त्यांनी वेळ लिहिली, सही केली, कागद अर्जाला जोडला. "माझ्याकडून हे पाठवते. निर्णय कमिटीचा हं. गुरुवारी ये."

"पोच द्या, मॅडम." एवढ्या खणखणीत आवाजात आपण बोललो?

गाडीचं दार उघडताच बाबांनी विचारलं, "चिठ्ठी दिलीस?"

"नाय दिली."

"नाय दिली? मंग आमी इथं काय माश्या मारत बसलोय गो? आनि ते नाय बोलले तर?"

"तर परत येईन. भांडेन."

बाबांनी रागवायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. "बापावर गेली हाय," ते पुटपुटले आणि त्यांनी गाडी सुरू केली.

एसटी स्टँडपाशी रिक्षांच्या गर्दीत गाडी अडकली. हात मनगटापर्यंत ठणकत होता. गुरुवारी खरंच नाही म्हणाले तर? तीन तासांच्या पेपरात या हाताने किती होणार – दोन पानं, तीन?... वर्ष जाईल. छाती धडधडत होती, आणि ती धडधड बाबांच्या ओळखीने थांबणारी नव्हती, तिने ती थांबवूही दिली नव्हती. तिने पाठ सीटपासून सोडवली आणि सरळ बसली. इतकी घाबरलेली, आणि इतकी ताठ... मी याआधी कधीच नव्हते.