मागच्या चाकावरचं तेल

“साहब, ये किसने लगाई है?”

इलियासने मान वर न करताच विचारलं. बुलेट मधल्या स्टँडवर उभी होती. डाव्या बाजूचं झाकण, क्लचच्या प्लेटा, चेन, चेन फिरवणारं छोटं दातेरी चाक, सगळं उतरवून त्याने पोत्यावर ओळीने मांडलं होतं. गिअरबॉक्सचा दांडा उघडा पडला होता. त्याच्याभोवती लहान मुलीच्या बांगडीएवढी काळी रबरी सील होती. इलियासने तिच्यावर टॉर्च धरला होता.

सूर्यकांत स्टुलावरून उठले आणि गुडघ्यांवर हात टेकून वाकले. “क्यों? क्या हुआ?”

“उल्टी लगी है. ये देखो, स्प्रिंग बाहर दिख रही है. स्प्रिंग वाला मुँह अंदर होना चाहिए, तेल की तरफ. किसी अनाडी का काम है. गाडी खडी रहे तो एक बूँद नहीं गिरेगी. चलेगी तो सारा तेल चेन पर, और चेन से...”

त्याचं बोट मागच्या चाकाकडे निघालं होतं. ते मध्येच थांबलं. ही गाडी कोणती आणि तिच्यावर मागे कोण बसलं होतं, हे त्याला आठवलं असावं. तेराव्याला तो घरी येऊन गेला होता.

“मैंने लगाई थी,” सूर्यकांत म्हणाले.

इलियासने टॉर्च बंद केला.

दिल्लीत त्रिलोकपुरीच्या या दुकानात सूर्यकांत तीस वर्षं येत होते. आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये राहत असताना त्यांनी ही एकाहत्तर सालची बुलेट एका निवृत्त कर्नलकडून घेतली. मंत्रालयात फायलींवर सह्या करणारा माणूस घरी आला की बाह्या दुमडून गाडीपाशी बसायचा. रिटायर झाल्यावर मयूर विहारच्या सोसायटीत आले, तरी ते सुटलं नाही. मोठं काम तेवढं इलियासकडे.

हे काम मोठं होतं. पण दीड वर्षापूर्वी, फेब्रुवारीत, जुन्या गाड्यांचा मेळावा चार दिवसांवर आला होता. आदल्या वर्षी तिथल्या परीक्षकाने इंजिनाखाली वर्तमानपत्र अंथरलं होतं, त्यावर गिअरचं तेल दोन थेंब पडलं आणि सूर्यकांतांचे गुण गेले. ते त्यांच्या मनाला फार लागलं होतं. त्यांची बायको सुनीती म्हणाली, “अहो, इलियासकडे द्या ना. कशाला हट्ट?” ते म्हणाले, “त्याला आठ दिवस लागतील. आणि मी काय आज उघडतोय ही गाडी?” दोन दिवस पार्किंगमध्ये उकिडवे बसून त्यांनी नवी सील ठोकली. रात्रभर खाली कागद ठेवला. सकाळी कागद कोरा. सुनीतीला खाली बोलावून दाखवला. “बरं बाई, जिंकलात,” ती म्हणाली.

मेळाव्यातही कागद कोराच राहिला. प्रशस्तिपत्र मिळालं. सुनीतीने नारायणपेठी नेसली होती. येताना ती नेहमीसारखी डावीकडे पाय सोडून बसली होती. पूल ओलांडल्यावर तिने त्यांच्या खांद्यावर टकटक केलं.

“अहो, पायाला काहीतरी तेलकट लागतंय.”

“रस्त्यावरचं उडत असेल. घरी जाऊन बघू.”

घराच्या अलीकडच्या वळणावर दुभाजकातल्या झाडांना एक टँकर पाणी घालत होता. डांबर ओलं होतं. गाडी वळली आणि मागचं चाक खालून निसटल्यासारखं गेलं. सूर्यकांतांचं मनगट मोडलं. सुनीती दुभाजकाच्या कडेवर पडली. हेल्मेट होतं, पण मार छातीला बसला. दवाखान्यात पोचेपर्यंत ती गेली होती.

पोलिसांनी विचारलं, काय झालं? सूर्यकांत म्हणाले, पाणी होतं. ते खोटं नव्हतं. गाडीच्या तपासणीत ब्रेक ठीक, हँडल ठीक, दिवे ठीक एवढंच लिहिलं गेलं. टायरला चिखल होता. तेलाचं कोणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. दवाखान्याने पिशवीतून नारायणपेठी परत दिली, तिच्या काठावर काळ्या थेंबांची ओळ होती. ती त्यांनी कपाटात सर्वांत खाली, मैत्रेयीच्या हाती लागणार नाही अशी ठेवली.

मैत्रेयी त्यांची एकुलती एक मुलगी. टँकरवाल्यावरची केस तिनेच लावून धरली. फोटो, अर्ज, वकील, सगळं तिने केलं. टँकरचा ड्रायव्हर रामसनेही, इटाव्याकडचा. ठेकेदाराने त्याला त्याच आठवड्यात काढलं, लायसन्स जमा झालं. मागच्या तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात तो सूर्यकांतांपुढे हात जोडून उभा राहिला. “साहब, पानी तो रोज जैसा ही छोडा था. मेरी समझ में नहीं आता क्या हुआ.” मैत्रेयीने वडिलांना दंडाला धरून पुढे नेलं. वळून त्याला म्हणाली, “मेरी माँ को मारा है तुमने. समझ में आया?”

येत्या गुरुवारी सूर्यकांतांची साक्ष होती. आज त्यांनी छोटा हत्ती टेम्पो बोलावून गाडी इकडे आणली. लीकेज काढायचं म्हणाले.

इलियासने पेचकस घेतला आणि सीलच्या कडेला टोक लावलं. “छोडो साहब. दो मिनट का काम है. नई डालता हूँ, सीधी. बात खतम.”

“रुको. निकालना मत.”

“तो?”

“ऐसे ही रहने दो. जैसी है.”

“लीकेज ठीक कराने लाए थे ना?”

“देखने लाया था.”

इलियासने पेचकस ठेवला. त्याला कळायला वेळ लागला नाही. “पानी भी तो था,” तो हळू म्हणाला. “अकेले तेल से... कौन कह सकता है, साहब?”

“मेरे आगे दो स्कूटर उसी पानी से निकले. सीधे निकल गए.”

इलियासने फडक्याला हात पुसले.

फोन वाजला. मैत्रेयी.

“बाबा, कुठे आहात? बेल वाजवून थकले मी. वकिलांनी स्टेटमेंटची कॉपी दिलीये, एकदा नीट वाचून घ्या ना. गुरुवारी गडबड नको.”

“मी इलियासकडे आहे. गाडी उघडलीये.”

“अरे यार बाबा! ती गाडी अजून कशाला...”

“मैत्रेयी, ऐक. सील मी उलटी बसवली होती. तेल मागच्या टायरवर येत होतं. त्याने घसरली.”

पलीकडे लिफ्टचं दार उघडल्याचा आणि मिटल्याचा आवाज आला.

“पण पाणी होतं. फोटो आहेत माझ्याकडे.”

“होतं. थोडं होतं.”

“तुम्हाला हे कधी कळलं?”

आज, असं म्हणता आलं असतं. इलियासही साक्षीला होता.

“त्याच दिवशी,” सूर्यकांत म्हणाले. “आईने सांगितलं होतं. पायाला तेलकट लागतंय म्हणाली. मी थांबलो नाही.”

तिचा आवाज आला तो अगदी लहानपणचा.

“मग मी दीड वर्ष काय करत होते, बाबा? त्या माणसाला मी काय काय बोलले.”

“माझ्यामुळे बोललीस.”

“गुरुवारी नका सांगू. प्लीज. आई गेली. आता तुम्हालाही कोर्टात आरोपी म्हणून उभं करतील. मी कुणाकडे बघू?”

“गुरुवारपर्यंत थांबत नाही,” ते म्हणाले. “आत्ता पोलीस ठाण्यात जातोय. गाडी घेऊन.”

फोन बंद झाला.

“बंद कर दो इसको,” ते इलियासला म्हणाले. “ऊपर का ढक्कन लगा दो.”

“नहीं लगाऊँगा.” इलियास उठून उभा राहिला. “उल्टी सील के ऊपर मैं ढक्कन नहीं कसता. मेरी दुकान से ऐसी गाडी आज तक नहीं गई.” मग त्याने सुटे भाग पोत्यात भरले, पोत्याचं तोंड बांधलं आणि ते टाकीवर आडवं ठेवलं. “खुली ले चलो. उनको भी दिखेगा.”

ठाणं पाऊण किलोमीटरवर होतं. ऑगस्टचा उकाडा मरणाचा होता. सूर्यकांतांनी हँडल धरलं, जोडलेलं मनगट दुखायला लागलं. शंभर पावलांवर गाडी एकदम हलकी झाली. त्यांनी वळून पाहिलं. इलियास शटर ओढून आला होता आणि मागून ढकलत होता. गाडी बाजारातून निघाली. भाजीवाल्याने हाक मारली, “चाचा, पेट्रोल खतम?” दोघं ढकलत राहिले.

फाटकावर कॉन्स्टेबल चहा पीत होता. “अंकल, अंदर नहीं, बाहर लगाओ. क्या काम है?”

सूर्यकांतांनी केस सांगितली, आपलं नाव सांगितलं. “बयान बदलना है. गलती मेरी थी.”

कॉन्स्टेबलने त्यांच्याकडे पाहिलं, उघड्या गिअरबॉक्सकडे पाहिलं. “घर पे किसी से पूछा? अच्छे-भले बैठे हो, क्यों मुसीबत ले रहे हो?”

“पूछ लिया.”

“साहब खाने पे गए हैं. रुकना पडेगा.” त्याचा मोबाइल वाजला. त्याने हातातला अर्धा ग्लास बुलेटच्या मागच्या सीटवर ठेवला आणि बोलत बोलत फाटकाच्या पलीकडे गेला.

सूर्यकांतांनी ग्लास उचलला. सीटवर ओलं गोल वर्तुळ उमटलं होतं, ते सदऱ्याच्या बाहीने पुसलं. ग्लास ठेवायला आसपास जागा नव्हती. कॉन्स्टेबलचं बोलणं लांबत चाललं होतं. तो दुसऱ्याचा चहा हातात धरून ते गाडीशेजारी उभे राहिले.